सात नंबर

हॅलोवे पार्कात अठरापैकी चौदाच बास्केट उरल्यात.
पाच नंबरची कुणीतरी भंगारात विकली,
अकराच्या जागी मुलांचे झोके आले,
दोन नाल्याने नेल्या, मार्चमधल्या एका रात्री.
आम्ही तरी मोजतो अठराच.
चारनंतर सहा म्हणतो, न अडखळता,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाऊन यावी तसं.

टीचं काँक्रीट मधोमध दुभंगलंय.
त्या भेगेत लेरॉयचा पाय एकदा मुरगळला,
तेव्हापासून तो धावत येऊन फेकत नाही.
उभ्याउभ्या फेकतो, पेटीत पत्र सोडल्यासारखी.
तीस वर्षं टपाल वाटलंय त्याने या गल्ल्यांतून.
कुठल्या दारचा कुत्रा कधी मेला, सगळं पाठ.

साखळ्या गंजल्यात.
पूर्वी डिस्क लागली की खण्णकन वाजायचं,
बेसबॉल बघणारी माणसं माना वळवायची.
आता वाजतं ते
अंधारात खिशातल्या किल्ल्या चाचपल्यासारखं.
गंज बोटांना लागतो, पँटला पुसला जातो.
ओडेसा कपडे धुवायला टाकताना म्हणते,
आज बरे खेळलेले दिसता.

आणि सात नंबर.
सातला वाटेत ॲशची सहा झाडं होती.
तांदळाएवढा हिरवा किडा आला,
सालीखाली त्याने आपली वळणं कोरली,
पालिकेने बुंध्यांवर नारिंगी ठिपके मारले
आणि आठवड्याभरात तिकडे आभाळच आभाळ झालं.
आता टीवरून बास्केट सरळ दिसते.
नवी पोरं सरळ फेकतात, दोनात संपवतात,
फळीवरच्या ‘पार तीन’ला हसतात.
आम्ही अजून डावीकडून वळवतो.
ठरवून नाही. खांदा ऐकत नाही.
डिस्क निघते,
नसलेल्या पहिल्या झाडाला वळसा घालते,
दुसऱ्या-तिसऱ्याच्या फटीतून जाते,
जिथे एक फांदी खाली यायची तिथे जराशी दबते,
मग उजवीकडे येऊन गवतात बसते.

काल टीजवळ एक मुलगी बसली होती, इमानी नावाची.
गुडघ्यापर्यंत चिखल, शेजारी लांब दांड्याचा पंजा.
तळ्यातून काढलेल्या डिस्क माशांच्या खोक्यात मांडलेल्या,
कुठलीही घ्या, दोन डॉलर.
खालून तिसरी केशरी होती, कडेला चावल्यासारखी.
उलटी केली. मार्करचं अक्षर माझं.
नाव पुसलेलं, नंबर शाबूत, सात आकडी,
एरिया कोड लिहायची गरज नव्हती तेव्हाचा.
‘मी लावला होता तो,’ इमानी म्हणाली,
‘आता तिथे दाताचा दवाखाना आहे.
बाई म्हणाल्या, मंगळवारी जागा आहे, येतेस का?’

त्या घरात फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता.
वायर इतकी ताणलेली, की बोलत बोलत
मागच्या पायरीवर जाऊन बसता यायचं.
हे मी तिला सांगितलं नाही.
दोन डॉलर दिले.
लेरॉय पुटपुटला, निदान घासाघीस तरी कर.

तळ्याने तिला वाकवून ठेवलं होतं,
पण हातात ती ओळखीची बसली.
मी नेहमीसारखीच डावीकडे सोडली.
ती वळली नाही.
निघाली ती सरळ, सहाही झाडांच्या मधून,
आणि माझे खांदे आपोआप कानांकडे गेले,
डोळे मिटले,
लाकडावर बसणारा तो बोदा आवाज ऐकायला.

आवाज आला नाही.
मग दूरवर किल्ल्या वाजल्या.

इमानीने शिट्टी मारली. माझी दुसरी फेक नव्हतीच,
आयुष्यात पहिल्यांदा सातला एकात.
लेरॉयने कानामागची पेन्सिल काढली,
कार्डावर दोन लिहिले.
मी म्हटलं, एक.
तो म्हणाला, एक तुझी,
एक झाडांची,
आणि आठच्या दिशेने चालू लागला, पाय जपत,
भेग ओलांडून.